देवाची जमीन आणि गांवाचा नकाशा

उन्हाळा कडक झाला आणि उजनीच्या जलाशयाचें पाणी पुष्कळ खालीं गेलें म्हणजे इंदापूर तालुक्यांत पळसदेवाजवळ भीमेच्या पाण्यांतून एक शिखर हळूहळू वर येऊं लागतें. अवर्षण फारच झालें तर शिखराखालचा गाभारा आणि सभामंडपाचे खांबहि उघडे पडतात. हें पळसनाथाचें जुनें देऊळ. २०२४ च्या उन्हाळ्यांत तें असेंच उघडें पडलें, तेव्हां दूरदूरच्या शहरांतून माणसें तें पाहावयास आलीं, छायाचित्रें काढून परत गेलीं. पळसदेवच्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट निराळी आहे. त्यांना तें प्रेक्षणीय स्थळ वाटत नाहीं. तें त्यांचें गांव आहे, आणि तें पाण्याखालीं आहे.

देवाचें घर गांवाच्या नकाशावरून पुसण्याचा अधिकार कोणास असतो? शेतीची, रस्त्याची, वसाहतीची किंवा धरणाची योजना आंखणाऱ्या अधिकाऱ्यापुढें एखादें देऊळ, दर्गा वा दिंडीची वाट आडवी आली, तर धर्मस्वातंत्र्याचा कायदा कोणाच्या बाजूनें उभा राहतो? हा प्रश्न दिल्लीमुंबईच्या न्यायालयांत जितका गाजला, तितकाच तो बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या मातींत रुजलेला आहे. किंबहुना या दोन तालुक्यांइतका त्याचा सलग इतिहास दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

या इतिहासाचा आरंभ १८१८ सालीं होतो. पेशवाई मोडत असतां ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा येथून एल्फिन्स्टन साहेबानें एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. वतनें, इनामें व वर्षासनें चालूं राहतील, धार्मिक व धर्मादाय संस्थांचें रक्षण होईल आणि सर्व पंथांस मोकळीक राहील, असें आश्वासन त्यांत होतें. साहेबास हिंदूंच्या देवांविषयीं किंवा मुसलमानांच्या पिरांविषयीं विशेष प्रेम होतें, असा याचा अर्थ नव्हे. जिंकलेला मुलूख शांत राहावा, हा त्याचा धूर्त हेतु होता. तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जमिनीचें आश्वासन आणि धर्माचें आश्वासन हीं दोन्ही एकाच कागदांत आलीं. याचें कारण उघड आहे. दक्षिणेंतील देव जमिनीवर जगत असे. नंदादीपाचें तेल, नैवेद्याचे तांदूळ, गुरवाची भाकरी, दर्ग्यांतील मुजावराची चाकरी, उरुसाचा खर्च, हें सारें कोठल्या तरी शेताच्या उत्पन्नांतून निघे. शेत काढून घेतलें म्हणजे दिवा विझला. म्हणून त्या काळीं धर्माला संरक्षण देणें याचा व्यवहारांतील अर्थ शेताला संरक्षण देणें हाच होता.

पुढें अठरा वर्षांच्या आंत इंदापूर तालुका साऱ्या मुंबई इलाख्यांत प्रसिद्धीस आला. प्रिंगल साहेबानें केलेली पहिली आकारणी फसली होती. सारा जड झाला, पिकें बुडालीं आणि कुणब्यांनीं शेतें टाकून दिलीं. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व त्याचा सोबती लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांत नवी मोजणी हातीं घेतली. सांखळी पडली, बांध ठरले, शेतांस नंबर मिळाले, आणि तीस वर्षांचा ठराव झाला. रयतवारीची जी पद्धत पुढें इलाखाभर पसरली तिचा पहिला पाठ इंदापूरच्या माळावर गिरविला गेला. (तीस वर्षें सरल्यावर १८६७ सालीं सारा वाढला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं सावकारांविरुद्ध दंगा पेटला, पण ती कथा स्वतंत्र आहे.) येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या दिवशीं शेताला नंबर मिळाला त्या दिवशीं देवाच्या शेतालाहि नंबर मिळण्याची वाट मोकळी झाली. तोंवर अमुक ओढ्यापासून तमुक चिंचेपर्यंत देवाचें, एवढी सीमा गांवाला पुरत असे. आतां तें शेत सरकारी नकाशावरील एक आकृति झालें, आणि आकृतीवर कायदा चालवितां येतो.

तो कायदा लवकरच आला. १८५२ च्या ११ व्या आक्टान्वयें इनाम कमिशनच्या चौकश्या चालूं झाल्या. सनद दाखवा, भोगवटा सिद्ध करा, असा तगादा लागला आणि पुष्कळ घराण्यांच्या तोंडचें पाणी पळालें. देवस्थानांकडे त्या मानानें हात जपून गेला. पुढें १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें धर्माच्या कामीं सरकार ढवळाढवळ करणार नाहीं असें वचन दिलें, आणि १८६३ च्या मुंबईच्या २ ऱ्या आक्टानें या भागांतील इनामांचा संक्षिप्त निकाल लावला. इनामांचे वर्ग पडले. त्यांतील तिसरा वर्ग देवस्थानांचा. या जमिनीस एक खास बंधन जडलें. ती विकतां येऊं नये, दान देतां येऊं नये, कोणत्याहि रीतीनें देवस्थानापासून तुटूं नये. व्यक्तीच्या इनामाचा मालक नजराणा भरून मोकळा होई. देवाला मात्र मोकळें होतां येत नसे. हें बंधन देवाच्या हिताचें होतें यांत शंका नाहीं, कारण पुजाऱ्यांनीं आणि वहिवाटदारांनीं देवाचीं शेतें स्वतःच्या नांवावर करून घेतल्याचीं उदाहरणें गांवोगांव ऐकूं येत. परंतु त्यामुळें प्रत्येक गांवाच्या नकाशांत असे कांहीं तुकडे कायमचे पडून राहिले कीं, ज्यांचा उपयोग बदलणें फार कठीण.

माळरान होतें तोंवर यानें कोणाचें अडलें नाहीं. बारामती आणि इंदापूर या दोन्ही गांवांस १८६५ सालीं नगरपालिका मिळाल्या, पण त्यांचा कारभार दिवे, झाडलोट व पाणी यांपलीकडे फारसा जात नव्हता. कऱ्हेच्या कांठचें बारामती म्हणजे नाईकांची गढी, सिद्धेश्वर व काशीविश्वेश्वर यांचीं देवळें आणि पन्हाळ्याहून येऊन येथेंच १७९४ सालीं देह ठेवणारे कवि मोरोपंत. यापलीकडे शहर असें फार नव्हतें. इंदापूर म्हणजे मालोजी राजांची गढी, चांदशहावलीचा दर्गा आणि बाजार. चित्र पालटलें तें नीरेच्या डाव्या कालव्यानें. १८८५ च्या सुमारास भाटघरचें पाणी या कालव्यानें खालीं येऊं लागलें, आणि ज्या शेतांत बाजरी धड होत नव्हती तेथें ऊंस उभा राहिला. पुढें साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहत आली, शाळा-महाविद्यालयें निघालीं, आणि बारामतीचें शहर आपल्या जुन्या वेशीबाहेर चौफेर पसरलें. पूर्वीं ज्या शेताच्या उत्पन्नांत वर्षभराचें तेल भागणें मुष्कील, त्याची किंमत आतां गुंठ्यानें होऊं लागली. देवाच्या जमिनीचा प्रश्न खऱ्या अर्थानें तेव्हां उत्पन्न झाला.

दरम्यान देश स्वतंत्र झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून घटना अमलांत आली. तिच्या २५ व्या कलमानें प्रत्येक माणसास धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत. २६ व्या कलमानें धर्मपंथांस संस्था चालविण्याचा, धर्माच्या बाबी स्वतः पाहण्याचा आणि स्थावरजंगम मिळकत बाळगण्याचा हक्क दिला. या कलमांतील एक बारकावा वकिलांखेरीज इतरांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. धर्माच्या बाबी पंथानें स्वतः पाहाव्या, एवढेंच म्हटलें आहे. मिळकतीचा कारभार मात्र पंथानें कायद्यानुसार करावा, असें म्हटलें आहे. पूजा कशी करावी हें देवस्थान ठरवील. शेत कसें वहिवाटावें हें ठरवितांना कायदा शेजारीं बसलेला असेल. घटनाकारांनीं गाभारा आणि शेत यांच्यामध्यें एक बांध घातला तो येथें.

त्या बांधाची जागा नक्की करण्याचें काम मुंबई राज्यांतील एका दाव्यानें झालें. १९५० सालीं मुंबई सरकारनें सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. त्यानें प्रत्येक देवस्थानानें नोंद करावी, हिशेब तपासून घ्यावे आणि स्थावर मिळकत विकतांना किंवा लांब मुदतीच्या पट्ट्यानें देतांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी, असें ठरलें. याविरुद्ध एक जैन व्यवस्थापक आणि पारशी विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ सालीं रतिलाल गांधी यांच्या नांवानें ओळखला जाणारा निकाल लागला. सरकार देवस्थानाच्या कारभाराचें नियमन करूं शकतें, पण कारभार सर्वस्वीं काढून दुसऱ्याच्या हातीं देऊं शकत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें; कायदा बहुतांशीं टिकला, कांहीं कलमें गळालीं. गांवच्या पंचांच्या दृष्टीनें याचा अर्थ एवढाच कीं, देवाचें शेत आतां वेशीबाहेरच्या कचेरीला विचारल्याविना विकतां येत नाहीं.

याच काळांत जमिनीच्या कायद्यांची लाट आली. १९५२ च्या कायद्यानें व्यक्तींचीं इनामें खालसा झालीं, परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं इनामें त्यांतून वगळलीं गेलीं. १९४८ च्या कूळकायद्यास १९५६ सालीं दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें जावें, असा संकल्प होता. तेथेंहि ८८-ब या कलमानें नोंदलेल्या सार्वजनिक पूजास्थानांच्या जमिनींस सूट मिळाली, मात्र त्या जमिनीचें सारें उत्पन्न देवकार्याकडे लागत असलें पाहिजे.

या सुटीचा परिणाम काय झाला, हें पाहावयाचें तर एका बांधाच्या दोन बाजूंस उभीं असलेलीं दोन कुळें डोळ्यांपुढें आणावीं. दोघांचे आजे एकाच सालीं नांगर धरून आले. दोघांनींहि दगड वेंचले, विहीर खणली, ऊंस लावला. एकाचा मालक सावकार किंवा इनामदार होता. त्याचें कूळ १९५७ सालीं मालक झालें, त्यानें कर्ज काढलें, मुलगा शिकविला, आणि शहर जवळ आल्यावर शेतीचें बिगरशेती करून घर बांधलें. दुसऱ्याचा मालक देव होता. त्याचें कूळ आजहि कूळच. सात-बाराच्या वरच्या रकान्यांत देवाचें नांव, त्याचें स्वतःचें नांव इतर हक्कांत. जमीन तारण ठेवून कर्ज काढावें, पक्कें घर बांधावें, तर हातीं मालकीचा कागद नाहीं. धर्माला संरक्षण दिलें गेलें यांत कांहीं वावगें नव्हतें, पण त्या संरक्षणाची किंमत देवळांत दर्शनास येणाऱ्या सर्वांनीं वांटून घेतली नाहीं. ती एकट्या कुळानें दिली. देवस्थानच्या बाजूनेंहि बोलतां येण्यासारखें आहे. ही सूट नसती तर आज पुष्कळ देवळांत संध्याकाळीं वात लावावयास कांहीं उरलें नसतें. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच तहसील कचेरींतील असलीं प्रकरणें पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

नगररचनेचा कायदा या गोंधळांत उशिरां शिरला. हिंदुस्थानांतील पहिला नगररचनेचा कायदा मुंबई इलाख्यानेंच १९१५ सालीं केला, पण तो ऐच्छिक असल्यानें लहान गांवांपर्यंत पोंचलाच नाहीं. १९५४ च्या कायद्यानें नगरपालिकांस विकास आराखडा करणें भाग पाडलें, आणि त्याची जागा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें घेतली. या कायद्याप्रमाणें आधीं जागेवर जाऊन सध्यांच्या वापराचा नकाशा करावयाचा, मग प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवावयाच्या, सुनावणी घ्यावयाची आणि मग सरकारची मंजुरी. पिवळा रंग वस्तीचा, हिरवा शेतीचा. रस्ते, शाळा, बागा यांच्यासाठीं आरक्षणें. देवस्थानाच्या जमिनीला या कायद्यांत कोणतीहि वेगळी सूट नाहीं. तिच्यावर बागेचें आरक्षण पडूं शकतें, तिच्यांतून रस्ता जाऊं शकतो. ऐतिहासिक वास्तूंचें जतन करण्याची तरतूद आहे, पण ती वास्तु जुनी म्हणून, देवाची म्हणून नव्हे.

येथें परदेशांतील एका प्रसंगाची तुलना उद्बोधक होईल. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत बर्न नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील कॅथलिक देऊळ लोकांस अपुरें पडूं लागलें म्हणून धर्माध्यक्षानें तें वाढविण्याची परवानगी मागितली. देऊळ ऐतिहासिक पेठेंत येतें म्हणून गांवानें नकार दिला. वाद वरिष्ठ न्यायालयांत गेला आणि १९९७ सालीं गांवाच्या बाजूनें निकाल झाला. ज्या कायद्याच्या जोरावर धर्माध्यक्ष भांडत होता तो कायदा प्रांतांना लागूं पडत नाहीं असें ठरलें. तेव्हां तेथील प्रतिनिधिसभेनें २००० सालीं खास जमिनीच्या वापराविषयींच नवा कायदा केला. गांवाच्या नियमामुळें धर्माचरणावर भारी ओझें पडत असेल, तर तो नियम अत्यंत निकडीच्या कारणासाठीं व कमींत कमी जाचक रीतीनें केला आहे हें गांवानें सिद्ध करावें, असा त्याचा आशय. म्हणजे तेथें नकाशा काढणाऱ्यानें देवळाला उत्तर द्यावयाचें.

आपल्याकडे पारडें दुसरीकडे झुकलें. मद्रासच्या इनामें खालसा करणाऱ्या कायद्यांविरुद्ध कांहीं धर्मसंस्था, त्यांत एक वक्फहि होता, सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. मिळकत बाळगण्याचा जो हक्क २६ व्या कलमांत आहे त्यामुळें ती मिळकत संपादन करण्याचा सरकारचा अधिकार नाहींसा होत नाहीं, असा निर्णय १९७० सालीं झाला. १९९४ सालच्या अयोध्येच्या प्रकरणांतील निकालानें त्याच्याहि पुढें जाऊन पूजास्थानच संपादन करतां येतें, असें सांगितलें. अपवाद फक्त अशा स्थानाचा कीं ज्याचें माहात्म्य इतकें विशेष आहे, कीं तें गेल्यास धर्माचरणाचा हक्कच नष्ट व्हावा. हा अपवाद कोणाला मिळावा? प्रत्येक गांवाला आपलें ग्रामदैवत तसेंच वाटतें. न्यायालयाच्या तराजूंत मात्र खेड्यांतील भैरोबा तितका जड भरत नाहीं.

देवळाला निदान भिंती असतात, त्यामुळें तें नकाशावर दिसतें. या दोन तालुक्यांत धर्माचें एक रूप असें आहे कीं जें चालतें आहे, आणि चालत्या गोष्टीला नकाशांत रंग नाहीं. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनीं १६८५ सालीं देहूहून पालखी सुरूं केली. ती दरवर्षीं आषाढीपूर्वीं बारामतीस मुक्काम करून पुढें निघते. काटेवाडीस परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगरांचीं मेंढरें पालखीभोंवतीं धांवतात. सणसर, मग बेलवाडीचें गोल रिंगण, निमगांव केतकी, इंदापूर, आणि सराटीस नीरेचें स्नान झालें कीं पालखी सोलापूर जिल्ह्यांत उतरते. रिंगणाला काय लागतें? एक सपाट, विस्तीर्ण मैदान, वर्षांतून एक दिवस. उरलेल्या दिवसांत तेथें गुरें चरतात, मुलें खेळतात, कधीं आठवड्याचा बाजार भरतो. नगररचनेच्या भाषेंत अशा जागेला मोकळी जागा म्हणतात, आणि मोकळी जागा म्हटली कीं तिच्यावर कांहीं तरी बांधण्याची बुद्धि होते.

रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क आपल्या कायद्यानें जुनाच मानलेला आहे. औरंगाबादेच्या, म्हणजे संयुक्त प्रांतांतील त्या नांवाच्या गांवच्या, शियांच्या ताबूतांविषयींच्या दाव्यांत १९२४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो स्पष्ट मान्य केला. मात्र पोलिसांचे हुकूम व रस्त्याचा इतरांनीं करावयाचा उपयोग यांच्या अधीन राहून. पण हा हक्क असलेल्या रस्त्यावरून जाण्याचा आहे. अमुक रस्ता असाच राहावा, असा हक्क तो देत नाहीं. या दोहोंतील अंतर २०२१ सालीं सर्वांच्या नजरेस आलें. त्या वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शुभारंभ झाला. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा तुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारें १३० किलोमीटरांचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस पायीं चालणारांसाठीं स्वतंत्र वाट योजिलेली. सरकारी मोजमापानें वारकऱ्याची अशी दखल पूर्वीं कधीं घेतली गेली नव्हती, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. पण महामार्ग झाला म्हणजे तो गांवाला वळसा घालतो. गाडीला वळसा सोईचा. पालखीला तो चालत नाहीं. पालखीनें काटेवाडींतून जावयाचें तें गांव वाटेंत लागतें म्हणून नव्हे. तेथील परटांनीं धोतरें धुवून ठेवलेलीं असतात म्हणून. शिवाय रुंदीकरणासाठीं शेतें गेलीं, रस्त्याकडेचीं जुनीं झाडें गेलीं. दिंडीला सावली देणारें झाड मोबदल्याच्या हिशेबांत लांकूड म्हणूनच येतें. भक्तांसाठीं रस्ता करतांना भक्तांचीच जमीन घ्यावी लागली, आणि ज्यांचीं शेतें गेलीं त्यांपैकीं पुष्कळ जण त्याच रस्त्यानें आषाढांत पताका घेऊन चालतात.

याच्या उलट बाजूचा प्रश्न रस्त्यांत उगवणाऱ्या देवळांचा. कोपऱ्यावर रात्रींतून एक दगड शेंदूर लावून बसतो, वर्षानें त्याला पत्रा मिळतो, पांच वर्षांनीं घुमटी होते, आणि मग तिला हात लावण्याची छाती कोणत्याहि मुख्याधिकाऱ्यास होत नाहीं. दर्ग्यांचें व इतर धर्मीयांच्या स्थानांचेंहि असेंच घडतें. २९ सप्टेंबर २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक रस्ते, बागा व जागा यांवर यापुढें एकहि अनधिकृत पूजास्थान होऊं देऊं नये असा हुकूम सोडला, आणि जुन्यांचा एकेक करून निर्णय घेण्यास राज्यांना सांगितलें. महाराष्ट्र सरकारनें ५ मे २०११ च्या ठरावानें त्यासाठीं समित्या नेमल्या. कायम करावयाचीं, हलवावयाचीं आणि काढावयाचीं अशी वांटणी करावयाची होती. या यादींत एक विचित्र न्याय दिसतो. जें देऊळ नकाशाला न विचारतां उभें राहिलें त्याला वाटाघाटीचा मान मिळाला. आणि जें नकाशा काढण्याच्या शेंकडों वर्षें आधींपासून उभें होतें त्याला धरणाच्या वेळीं एक संपादनाची नोटीस पुरली.

पुन्हा पळसदेवाकडे यावें लागतें तें यासाठीं. उजनीचें धरण १९६९ च्या सुमारास बांधावयास घेतलें आणि १९८० मध्यें तें पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल इतकें तें विशाल. भिंत माढा तालुक्यांत, पण फुगवटा इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड इतका दूर पसरला. संपादन झालें तें १८९४ च्या जुन्या कायद्यानें. त्या कायद्यांत जमीन या शब्दाचा अर्थ जमीन आणि जमिनीला जडलेल्या वस्तु असा होता. गोठा, विहीर, घर आणि पळसनाथाचें देऊळ यांची त्या व्याख्येंत एकच जात. हरकत घेण्याची मुदत ३० दिवस. दुष्काळी मुलुखाला पाणी मिळावयाचें होतें, आणि त्या कामाची निकड कोणीहि नाकारली नसती. सोलापुराकडचीं शेतें आज हिरवीं दिसतात तीं या पाण्यावर. न्यायालयांत जाऊन २५ वें कलम पुढें करण्याचा विचार त्या वेळीं कोणाच्या मनांत आला असता, तरी १९७० चा निकाल समोर होताच.

गांव उठलें आणि पुणें-सोलापूर रस्त्याच्या बाजूस पुन्हा वसलें. १९७६ सालीं महाराष्ट्रानें प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि नव्या गांवठाणाला रस्ता, विहीर, शाळा, स्मशानभूमि अशा सोयी देण्याची पद्धत त्यानंतर पक्की झाली. मेलेल्या माणसाची जागा नकाशांत आली. देवाची जागा गांवानें स्वतः काढावयाची होती. पळसदेवच्या लोकांनीं ती काढली. जुन्या देवळांतील शंकराची पिंडी त्यांनीं वर आणली आणि नव्या देवळांत बसविली. देवाला असें हलविण्याची सोय आपल्या धर्मशास्त्रांत आहे. विधिपूर्वक देवत्व काढून घेतां येतें आणि दुसरीकडे प्रतिष्ठापना करतां येते. ज्यांचे पूर्वज मातींत पुरलेले असतात त्यांना ही सोय नाहीं. थडगें उचलून नेतां येत नाहीं, आणि भीमेच्या तळाशीं अशींहि माणसें आहेत ज्यांच्या नांवानें फूल वाहावयास कोणी येऊं शकत नाहीं. धर्मस्वातंत्र्य सर्वांस सारखें असलें, तरी पाणी सर्वांच्या श्रद्धेवर सारखें चढत नाहीं, हें न्यायालयांच्या निकालपत्रांत कोठेंहि लिहिलेलें सांपडत नाहीं.

धरणाच्या खालच्या अंगास नीरा आणि भीमा जेथें मिळतात तेथें नरसिंहपूर आहे. विंचूरकरांनीं बांधलेलें लक्ष्मीनरसिंहाचें देऊळ तेथें उंच तटावर उभें आहे. तें भिंतीच्या अलीकडे पडतें तर पळसनाथाचीच गति त्याला आली असती. तें पलीकडे पडलें म्हणून वांचलें. धरणाची जागा ठरविणारांनीं खडक पाहिला, पात्राची रुंदी पाहिली, पाण्याचा हिशेब केला. आज वीर धरणाचें आणि उजनीचें पाणी एकाच वेळीं सुटलें म्हणजे संगमावर पूर येतो, आणि घाटाच्या पायऱ्या एकामागून एक बुडूं लागतात. त्याच आठवड्यांत बहुधा वरच्या अंगास पळसदेवाजवळ शिखराच्या टोंकापर्यंत पाणी परत चढलेलें असतें, आणि उन्हाळ्यांत तेथवर जाणाऱ्या होड्या कांठावर पालथ्या घालून ठेवलेल्या असतात.